पुलांची दुरुस्ती, सबलीकरण आणि रुंदीकरण

रस्त्यांवरील पुलांविषयी लिहिताना 'दुरुस्ती', 'सबलीकरण' व 'रुंदीकरण' हे तीन शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी योजले जातात. वस्तुतः त्यांनी दर्शविलेली कार्ये भिन्न आहेत. 'दुरुस्त' हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ ठीक, यथायोग्य. तदनुसार दुरुस्ती म्हणजे पुलाचे गमावलेले सामर्थ्य त्यास परत मिळवून देणे. सबलीकरण म्हणजे मूळच्याहून अधिक भार पेलण्याची क्षमता आणणे, आणि रुंदीकरण म्हणजे वाहतुकीस अधिक जागा करून देणे. जागा वाढली म्हणजे सामर्थ्य वाढले असे नव्हे. किंबहुना जुन्या खांबांवर नवा भाग टेकविल्यास त्यांच्यावरील भारच वाढतो.

नंदुरबार जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. येथे प्रकाशे व सारंगखेडा येथील पूल तापी ओलांडतात, तर सुरत-नागपूर महामार्ग नवापूरवरून जातो. तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत. सातपुड्याच्या डोंगराळ भागात मात्र बेसाल्टचा खडक पुष्कळ ठिकाणी उघडाच दिसतो. साहजिकच एका ठिकाणी योग्य ठरलेली पद्धत दुसऱ्या ठिकाणी योग्य ठरेलच असे नाही.

रुंदीकरणाच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत जुन्याच खांबांचे माथे दोन्ही बाजूंस लांबवून त्यांवर नव्या तुळया ठेवतात. दुसरीत शेजारी नवे खांब उभारून नवा भाग जुन्यास जोडतात. तिसरीत स्वतंत्र समांतर पूल बांधतात. दुसरी पद्धत वरकरणी सोपी वाटते. परंतु जुना पाया पूर्वीच खचून स्थिरावलेला असतो, तर नवा पाया गाळाच्या जमिनीत हळूहळू खचतो. शिवाय नवे काँक्रीट वाळताना आकसते. दोन्ही भाग घाईने सांधल्यास सांध्यावर भेगा पडतात. म्हणून मध्ये एक पट्टा मोकळा ठेवून, नवा भाग बराचसा स्थिरावल्यावरच तो भरतात. अथवा दोहोंमध्ये कायमचा सांधा ठेवतात.

दुरुस्तीतही असाच विवेक लागतो. काँक्रीटमधील सळई गंजली की गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि वरचे आवरण फुटते. अशा वेळी नुसता गिलावा करणे म्हणजे रोग झाकणे होय. सैल काँक्रीट काढून, सळई स्वच्छ करून, मगच नवा थर द्यावा लागतो. उलटपक्षी, जुने डांबर न काढता त्यावर थर चढवीत गेल्यास पुलाचे ओझे वाढते. ७.५ मीटर रुंदीच्या मार्गावर १० सेंटिमीटर जाडीचा थर दर मीटर लांबीस सुमारे पावणेदोन टन भार घालतो. रस्ता गुळगुळीत होतो, पूल मात्र अधिक दबतो.

याहूनही गंभीर प्रश्न पाण्याखालचा. पुरात खांबाभोवती भोवरे उठून तळाची माती खरवडली जाते. खांबास काँक्रीटचे वेष्टन दिल्यास तो बळकट होतो. परंतु प्रवाहाची वाट अरुंद होऊन वेग व खरवड वाढण्याचा संभव असतो. त्यामुळे वेष्टनाबरोबर तळाचे दगडी संरक्षणही विचारात घ्यावे लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला व एस. टी. च्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस सुरक्षित ठरविण्यात आला होता, असे दुर्घटनेनंतर सांगण्यात आले. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत कठडे, कमानी व रस्ता दिसतो. पाया दिसतोच असे नाही. पुरानंतर पात्राची खोली मोजणे व पाणबुड्यांकरवी पाया तपासणे यांचे महत्त्व येथेच आहे.

सारांश, पुलाच्या कामाचे नाव ठरण्यापूर्वी त्याचे निदान व्हावयास हवे. ज्या पुलाचा पायाच खरवडला आहे त्याचे रुंदीकरण करणे म्हणजे दुर्बळाच्या खांद्यावर दुसरे ओझे देणे होय. आणि ज्यास सबलीकरण हवे त्याच्या कागदावर केवळ 'दुरुस्ती' लिहिली गेली, तर शब्दातील ती शिथिलता अखेर पुलावरून जाणाऱ्या प्रवाशाच्या जिवावर बेतू शकते.