हेडमधील हटून बसलेले स्टड

गिरणेच्या काठी भडगावच्या परिसरात उन्हाळी बागायत ही पाण्याच्या पाळीवर जगते. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या वर चढतो; अशा दिवसांत केळीला पाणी देण्याची एक पाळी चुकली तरी पाने करपू लागतात व घडाची वाढ खुंटते. गिरणा धरण 1969 साली पूर्ण झाले, त्यानंतर विहिरींवर विजेच्या मोटारीही आल्या. तरीपण जेथे वीज नाही किंवा वेळेवर मिळत नाही, तेथे तेल-इंजिनावाचून भागत नाही. पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली निघाली. शेतावरची तेल-इंजिने ही अशी फार जुनी ओळखीची आहेत, आणि कित्येक ठिकाणी यंत्रही तितकेच जुने झालेले असते.

जुन्या इंजिनाचे हेड दुरुस्तीस काढले, की पुष्कळदा एखादा स्टड वाकलेला किंवा आटे झिजलेला आढळतो. तो बदलावयाचा म्हणून हातोडी उचलली जाते व येथेच घात होतो. स्टड पोलादाचा असतो, तो मार सोसतो. हेड मात्र बहुधा बिडाचे असते, आणि बीड आडवा मार सोसत नाही. हेडला बारीक तडा गेला की आतील पाणी सिलिंडरमध्ये उतरते, आणि थोड्या किमतीच्या स्टडपायी संपूर्ण हेड बदलावे लागते. नवे हेड मिळेपर्यंत बाग कोरडी राहते ते वेगळेच.

तेव्हा प्रथम स्टड कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे. त्याच इंजिनाचा नवा स्टड दुकानातून आधीच आणावा व त्याचे खालचे टोक पाहावे. त्यावर आटे असतील तर जुना स्टड फिरवून निघेल. त्यावर दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळावेत आणि खालच्या नटाला पाना लावून उलट फिरवावे. टोक गुळगुळीत असेल तर तो दाबून बसविलेला आहे असे समजावे. असा स्टड कितीही फिरविला तरी निघत नाही. तो सरळ वर ओढूनच काढावा लागतो. या एका गोष्टीची शहानिशा न केल्यामुळे पाने मोडतात व दिवस फुकट जातात.

स्टड अडकून बसण्याचे मुख्य कारण गंज होय. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे भोकात पाचर मारल्यासारखी स्थिती होते. म्हणून आदल्या संध्याकाळी स्टडच्या मुळाशी पातळ तेल सोडावे. पूर्वी यासाठी रॉकेल वापरीत. ते न मिळाल्यास डिझेलमध्ये थोडे इंजिन तेल मिसळून चालते. स्टडच्या डोक्यावर हलक्या हाताने, सरळ चार-दोन टिचक्या माराव्यात, म्हणजे तेल खाली झिरपते. रात्रभर ते तसेच राहू द्यावे.

सकाळी आधी स्टड हेडच्या पृष्ठभागाच्या वर किती आला आहे ते मोजून लिहून ठेवावे. हे माप पुढे लागते आणि नेमके तेच घेण्याचे राहून जाते. मग स्टडवरून सैल जाईल असा जाड लोखंडी पाइपाचा तुकडा घ्यावा. त्याची दोन्ही तोंडे काटकोनात कापलेली असावीत. हेडवर ओरखडा पडू नये म्हणून खाली एक वॉशर ठेवून त्यावर पाइप उभा करावा. पाइपाच्या वर जाड वॉशर ठेवून त्याला ग्रीस लावावे आणि नट पूर्ण आट्यांवर चढवावा. नट पाव-पाव फेरा आवळीत गेले की पाइप हेडवर टेकलेला राहतो व स्टड वर येऊ लागतो. आटे संपत आले की नट काढून आणखी वॉशर घालावेत व पुन्हा आवळावे. ताण पडलेला स्टड एकाएकी तुटू शकतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा व तोंड स्टडच्या वर आणू नये.

एवढ्यानेही तो हलला नाही तर उष्णतेचा उपयोग करावा. त्यापूर्वी तेल पुसून घ्यावे व डिझेलचा डबा दूर न्यावा. बीड व पोलाद उष्णतेने जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात. म्हणून स्टड न तापविता त्याच्या सभोवतालचा भाग ब्लो-लॅम्पने सावकाश तापवावा. ज्योत एकाच जागी धरू नये, आणि तापलेल्या बिडावर पाणी तर मुळीच ओतू नये. तडा हमखास जातो. हेड ॲल्युमिनियमचे असल्यास काम सोपे आहे. हा धातू पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरत असल्यामुळे हेड उकळत्या पाण्यात ठेवल्यानेच पकड सैल होते.

स्टड मुळाशी तुटलाच, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्यावे. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटतो व ओढावयास पकडही मिळते. मात्र हे काम सरावलेल्या वेल्डरचे आहे, घरी प्रयोग करू नये.

नवा स्टड बसविताना भोक स्वच्छ करावे व स्टड काही वेळ बर्फात ठेवावा, म्हणजे तो किंचित आकसतो. नंतर तो पुसून, वर्कशॉपमधील प्रेसने सरळ, लिहून ठेवलेल्या उंचीपर्यंत दाबून घ्यावा. हेड परत चढविताना नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. इंजिन तासभर चालवून थंड होऊ द्यावे, नट पुन्हा एकदा तपासावेत, व्हॉल्वची फट पुस्तिकेतील मापाप्रमाणे लावावी आणि मगच पाणी सोडावे.