ओपीडी नको, मग एमबीबीएसचं करायचं काय?

(एपिसोडचं शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांचं आणि लोकलच्या गोंगाटात काहीच ऐकू येत नाही म्हणून इथे वाचणाऱ्यांचं, दोघांचंही स्वागत.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याच्या इंटर्नशिपचे दोन महिने उरलेत. तो म्हणतो, "डॉक्टर व्हायचं होतं, झालो. पण आयुष्यभर पेशंट तपासत बसणं मला जमेल असं वाटत नाही. घरी सांगितलं तर आई विचारेल, मग एवढी वर्षं शिकलास कशाला?"

आईचा प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू.

आधी एक प्रश्न स्वतःला

तुम्हाला पेशंट नकोत, की छत्तीस तासांची ड्युटी नको? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सलग नाइट करून आलेल्या माणसाला जगातलं कुठलंच काम आवडत नाही. नीट झोप झालेली असताना, ओपीडीत गर्दी कमी असतानाही तिथून पळावंसं वाटतं का? उत्तर "नाही" असेल, तर तुम्हाला हॉस्पिटल बदलायला हवंय. "हो" असेल, तर पुढचं ऐका.

पहिला रस्ता: सार्वजनिक आरोग्य

ओपीडीत डॉक्टर एका माणसाला बघतो. इथे अख्खं गाव, तालुका, जिल्हा हाच पेशंट. आपल्याकडचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, दोघंही एमडी. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि गडचिरोलीत येऊन काम उभं केलं. पेशंट तपासणं त्यांनी सोडलं नाही, पण मोठा फरक पडला तो मोजमापाने. बाळं कशाने दगावतात हे त्यांनी मोजलं, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि परिणाम पुन्हा मोजला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, असं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, ताप बघतात, त्यामागे हे काम आहे.

यासाठी शिक्षण काय? नीट पीजी देऊन पीएसएममध्ये तीन वर्षांचं एमडी करता येतं. नीट पीजीशिवाय दोन वर्षांचं एमपीएच करता येतं: मुंबईत टिस, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा, चेन्नईत आयसीएमआरची साथरोग संस्था. साथीचा माग काढायची आवड असेल, तर दिल्लीच्या एनसीडीसीचा २०१२ पासून चालणारा ईआयएस कार्यक्रम शोधून बघा.

दुसरा रस्ता: औषध कंपन्या

कुणीतरी गोळी घेतली आणि अंगावर पुरळ आलं. ते गोळीमुळे, की काल खाल्लेल्या कोळंबीमुळे? अशा हजारो नोंदी वाचून निवाडा करणं म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स. निवाडा करायला डॉक्टरच लागतो, कारण केस पेपरात काय लिहायचं राहून गेलंय हे त्यालाच कळतं. सरकारी पातळीवरही २०१० पासून असा कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे.

याच्या शेजारी क्लिनिकल ट्रायल, मेडिकल अफेअर्स आणि मेडिकल रायटिंग. सुरुवात एमबीबीएसवर होऊ शकते. पण वर चढायचं तर फार्माकॉलॉजीतलं एमडी फार उपयोगी पडतं.

तिसरा: हॉस्पिटल चालवणं, विमा तपासणं

आयसीयूत बेड का मिळत नाही, डिस्चार्जचं बिल व्हायला संध्याकाळ का होते, हे सोडवायचं असेल तर हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. टिसमध्ये त्याचं दोन वर्षांचं एमएचए आहे. आरोग्य विम्याचे क्लेम तपासायलाही डॉक्टर लागतात. वेळ ठरलेली, पण काम तेच तेच वाटू शकतं. क्लेम नाकारला की पलीकडे एक कुटुंब असतं, हेही लक्षात ठेवायचं.

आता कडू गोळी

एक, इंटर्नशिप अर्धवट टाकू नका. बाहेर तुम्हाला किंमत आहे ती पेशंट पाहिलेले असल्यामुळे. दोन, सरकारी कॉलेजात शिकला असाल तर बाँडची अट नीट वाचा. पीएचसीत पोस्टिंग मिळालं तर त्याला शिक्षा समजू नका. लसीकरण, रिपोर्ट, आशाताईंची मीटिंग, हे सगळं सार्वजनिक आरोग्यच आहे. आवडतंय का, ते पगार घेऊन तपासता येईल. तीन, मेडिकल काउन्सिलची नोंदणी चालू ठेवा. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यासाठी सीएमईचे पॉइंट लागतात. परतीचं दार उघडं राहतं. चार, जाहिरात बघून ऑनलाइन सर्टिफिकेट विकत घेऊ नका. आधी त्या नोकरीतल्या दोन माणसांना फोन करून विचारा, "सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तुम्ही नक्की काय करता?"

आणि हो, तिथे कुणी "डॉक्टरसाहेब" म्हणून उठून उभं राहणार नाही. तिथे बॉस असतो, डेडलाइन असते. ते चालेल का, हेही स्वतःला विचारा.

आईला काय सांगायचं?

तर मित्रा, आईला "मी डॉक्टरकी सोडतोय" असं सांगू नकोस, कारण ते खरंच नाही. शेजारच्या काकूंच्या उदाहरणाने सांग: "काकूंना बीपीची गोळी कोण लिहून देतं हे तुला माहिती आहे. ती गोळी सुरक्षित आहे का, हे बघायला पण कुणी डॉक्टर लागतो ना? ते काम मला करायचंय." आई लगेच हो म्हणेलच असं नाही. पण शिकलेलं वाया जात नाही, एवढं तिला नक्की कळेल.

तुमच्यापैकी कुणी हा रस्ता धरला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. त्या मुलापर्यंत पोचवतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!