अतिशीत रेणु कसे जुळवितात

गेल्या उन्हाळ्यांत सकाळची शाळा असतां नववीच्या वर्गांत मीं फळ्यावर एक वाक्य लिहिलें: दोन अणु जुळून रेणु बनला म्हणजे शक्ति बाहेर पडते. त्याच तासाला, हल्लींचे शास्त्रज्ञ अत्यंत थंड अणूंपासून तितकेच थंड रेणु बनवितात, असेंहि मीं सांगून टाकलें. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, जुळतांना शक्ति निघते, तर मग रेणु तापत कसा नाहीं?" त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. शिक्षकाला ही गोष्ट झोंबते. पुढें वाचनांतून जें उमगलें तें त्याच्यासाठीं व इतर विद्यार्थ्यांसाठीं येथें मांडीत आहें.

प्रथम थंडी म्हणजे काय तें पाहूं. वैशाखांत आपल्या गेवराईस पारा ४० अंशांवर चढतो, तेव्हां हवेंतील रेणु सेकंदास कांहीं शें मीटर वेगानें धांवत असतात. उष्णता ती हीच धांवपळ. ती जेथें कमींत कमी उरते तें निरपेक्ष शून्य, म्हणजे शून्याखालीं २७३.१५ अंश सेंटिग्रेड. त्या बिंदूपासून अंशाच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी अंतरावर आणलेल्या वायूस अतिशीत म्हणतात.

रुबिडियमसारख्या धातूची विरळ वाफ निर्वात पात्रांत घेऊन तिच्यावर सहा बाजूंनीं लेसरचे किरण सोडितात. किरणाचा रंग असा बेतलेला असतो कीं, त्याच्या रोखानें येणाऱ्या अणूलाच तो लागू पडावा. एका प्रकाशकणाच्या धक्क्यानें रुबिडियमच्या अणूचा वेग सेकंदास अवघा ६ मिलिमीटर घटतो. परंतु असे हजारों धक्के क्षणांत बसतात आणि अणु रेंगाळूं लागतो. चुंबकक्षेत्राच्या साह्यानें त्याला मध्यभागीं कोंडून ठेवितात. पुढची युक्ति आपल्या घरोघरीं आहे. माठाच्या अंगांतून पाझरलेल्या पाण्याचे चपळ रेणु वाफ होऊन निघून जातात व मागें राहिलेलें पाणी गार होतें. तसेच कोंडलेल्या वायूंतील चपळ अणु निसटूं द्यावयाचे. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ सालच्या निबंधावरून आइन्स्टाइन यांनीं अशा अणूंच्या एकरूप होण्याचें भाकीत केलें होतें. तें याच मार्गानें १९९५ सालीं अमेरिकेंतील बोल्डर येथें खरें ठरलें. पुढें पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेनेंहि रुबिडियमचें असें संघनन सिद्ध केलें.

रेणूंना मात्र हा लेसरचा उपाय सहसा लागू पडत नाहीं. अणूनें प्रकाशकण गिळून सोडला कीं तो पूर्वस्थितीस येतो व पुढच्या धक्क्यास तयार होतो. रेणु कांपतो आणि गिरक्याहि घेतो. तो कंपनाच्या कोणत्या पायरीवर उतरेल याचा नेम नसतो, आणि भलत्या पायरीवर उतरला कीं तोच लेसर त्यास निरुपयोगी. कांहीं निवडक रेणु लेसरनें थंड झाले आहेत. इतरांसाठीं आधीं अणु थंड करावयाचे व मग जुळवावयाचे.

येथेंच त्या मुलाचा प्रश्न आडवा येतो. पोटॅशियम-रुबिडियम रेणूचा बंध तोडण्यास लागणारी शक्ति तापमानाच्या भाषेंत सुमारें ६००० अंशांइतकी आहे. ती वायूंत सुटली तर अतिशीतपणा कोठला!

एक उपाय असा कीं, परस्परांजवळ आलेल्या दोन अणूंस लेसरचा एक प्रकाशकण देऊन जोडावें. लिथियम व रुबिडियम यांची अशी जुळणी अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत झाली व २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. ती करणाऱ्यांपैकीं सौरव दत्त हे पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले. यांत शक्ति प्रकाशावाटे जाते खरी, पण रेणु कोणत्या पायरीवर उतरेल हें बव्हंशीं दैवावर.

दुसरा उपाय नेमका आहे. चुंबकक्षेत्र हळूहळू बदलीत नेलें कीं ठराविक जागीं, ज्यास फेशबाख अनुनाद म्हणतात, मोकळे अणु अतिशय सैल जोडीनें बांधले जातात. बंधच इतका सैल कीं ऊब निघावयास जागा नाहीं. डेबोरा जिन यांनीं बोल्डर येथें २००३ सालीं पोटॅशियमचे असे रेणु केले. २००८ सालीं त्यांनीं व जुन ये यांनीं पोटॅशियम-रुबिडियमची सैल जोडी घेऊन तिच्यावर दोन लेसर एकदम चालविले. रेणु अदृश्य अवरक्त प्रकाशाचा एक कण गिळतो आणि तांबड्या प्रकाशाचा एक कण दुसऱ्या किरणांत सोडतो. तांबड्या कणाची शक्ति अधिक. हा जो फरक, तीच ती ६००० अंशांची शक्ति. ती वायूंत न मिसळतां किरणाबरोबर बाहेर जाते. रेणु तळच्या पायरीवर, घट्ट बांधलेला, आणि तापमान अंशाच्या एक कोटीव्या भागाच्या सुमारें चौपट! मुलाचा आक्षेप बरोबर होता. शक्ति निघतेच, फक्त तिला दार दाखविलेलें असतें.

इतक्या थंडींतहि हे रेणु स्वस्थ बसत नाहींत. पोटॅशियम-रुबिडियमचे दोन रेणु भेटले कीं अदलाबदल करून पोटॅशियमची एक व रुबिडियमची एक जोडी होते, हें २०१० सालीं दिसलें. साठा त्यामुळें ओसरत जाई. कोलंबिया विद्यापीठांत सेबास्टियन विल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोडियम-सीझियमच्या रेणूंवर सूक्ष्मलहरी सोडून त्यांना एकमेकांपासून दूर ठेविलें. रेणु टिकले, तेव्हां माठाची युक्ति रेणूंसहि चालली, आणि २०२४ सालीं त्यांचें संघनन प्रसिद्ध झालें. तें सुमारें २ सेकंद टिकलें.