चरीचे शेत आणि फाळक्यांचा वाटाणा

पटकथा लिहून झाली की लेखकापुढचा खरा प्रश्न सुरू होतो: ही दीडशे पाने वाचणार कोण? ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्याकडे वेळ नसतो, आणि वेळ काढून वाचणाऱ्याला कागदावरचे चित्र आपल्यासारखेच दिसेल याची खात्री नसते. म्हणून हल्ली चित्रपटाच्या धंद्यात ‘सिझल रील’ नावाची वस्तू रूढ झाली आहे. न बनलेल्या चित्रपटाची एक-दोन मिनिटांची चित्रफीत तयार करायची आणि पटकथेआधी ती निर्मात्यापुढे ठेवायची, एवढाच तिचा अर्थ. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात आज लिहिणाऱ्या, मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या मुलामुलींची कमतरता नाही. मांडव्याहून बोटीने मुंबई तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही रायगडचा किनारा पडद्यावर दिसतो तो बहुधा सहलीला आलेल्या पात्रांच्या पाठीमागे. इथल्या गोष्टी इथल्याच लेखकांनी निर्मात्यांपर्यंत न्यायच्या असतील, तर ही वस्तू नीट समजून घ्यायला हवी. माझे म्हणणे असे की तिच्याविषयीची सर्वसाधारण समजूतच उलटी आहे. सिझल रील म्हणजे चित्रपटाची जाहिरात नव्हे, चित्रपटाविषयी असलेल्या एका शंकेचे ते उत्तर असते.

हे पटवायला परदेशी जाण्याची गरज नाही, कारण भारतीय चित्रपटाचा आरंभच अशा रीळाने झाला आहे. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून परतले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी मागवला होता. विम्याच्या पॉलिसी आधीच गहाण पडल्या होत्या, आणि ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करायचे होते. पौराणिक वेशातल्या नटांचा एखादा चमकदार प्रवेश चित्रित करून दाखवणे, हा कोणालाही सुचेल असा मार्ग होता. फाळक्यांनी तो घेतला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर ते जेमतेम मिनिटभरात दिसे: माती उकलते, कोंब वर येतो, वेल आधार शोधत चढतो. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रफितीचे नाव. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे प्रभावित झाले, कर्ज मिळाले, आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

त्या मिनिटात हरिश्चंद्र नव्हता, तारामती नव्हती, गोष्टच नव्हती. हरिश्चंद्राची गोष्ट सावकाराला ठाऊक होतीच, ती चांगली की वाईट असा प्रश्नच नव्हता. मुंबईत बसून एका हिंदी माणसाला हे यंत्र चालवता येईल का, ही शंका होती. फाळक्यांनी नेमके तिला उत्तर दिले, आणि तेही असे की डोळ्यांपुढे चमत्कार घडावा. समोरच्याची नेमकी शंका ओळखणे आणि फक्त तिचेच निरसन करणे, या दोन गोष्टींत रीळाचे सगळे शास्त्र आले.

हाच धागा पुढेही दिसतो. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी निर्मात्यांना दाखवली ती चित्रांची वही. तिने पैसे आले नाहीत. मग त्यांनीही विम्यावर कर्ज काढून 1952 मध्ये काशफुलांच्या माळावर चित्रण सुरू केले. पुढे जे काही चित्रित झाले होते ते पाहून पश्चिम बंगाल सरकारचे साहाय्य मिळाले. गाणी नाहीत, तारे नाहीत, अशा चित्रपटात लोकांनी पाहावे तरी काय, या शंकेला रेखाटने उत्तर देऊ शकली नव्हती. अमेरिकेत डेमियन शझेलने ‘व्हिप्लॅश’च्या पटकथेतला एकच भाग घेऊन 2013 मध्ये लघुपट केला. ड्रम वाजवायला शिकणाऱ्या मुलाच्या गोष्टीत थरार कुठून येणार, असे कोणालाही वाटले असते. तालमीच्या खोलीतल्या त्या प्रसंगात गुरूची दहशत दिसली, आणि पुढच्याच वर्षी पूर्ण चित्रपट उभा राहिला.

आता हे आपल्या किनाऱ्यावर आणून पाहू. उदाहरणाला चरीचा संप घेतो, कारण रायगडच्या मातीत यापेक्षा मोठी पटकथा मला दिसत नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी 1933 मध्ये जमीनदार खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1939 पर्यंत ते पाळले. याच काळात, 1937 मध्ये, पाटलांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केले आणि त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. इतिहास म्हणून हे थोर आहे. निर्माता मात्र ऐकताऐकता मनात म्हणेल: संप म्हणजे सभा, भाषणे, मोर्चे, हा तर माहितीपट झाला. शिवाय काही न करणे हीच ज्याची मुख्य घटना आहे, त्यात पाहायचे काय?

या शंकेला फेटेवाल्यांची गर्दी आणि ढोलताशे हे उत्तर नाही. ते खर्चिक आहे, आणि थोड्या पैशात केले की पोरकट दिसते. उत्तर फाळक्यांच्या कुंडीत आहे. खारबांध फुटून किंवा कसणारा हात न उरल्याने पडीक राहिलेली शेते अलिबाग-पेण पट्ट्यात आजही आहेत. त्यातले एक निवडावे, बांधावर एक जागा पक्की करावी आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, रोज ठरल्या वेळी मोबाइलने काही सेकंद चित्रण करावे. भात नाही, गवत वाढते. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला, भरतीच्या तक्त्यात आकडा साडेचार मीटरच्या वर जातो तेव्हा, फुटक्या बांधातून खारे पाणी आत शिरते ते दिसते. चित्राखाली आवाज एकच: खळ्यावर धान्य मोजणाऱ्याचा. आपल्याकडे पहिले माप ‘एक’ म्हणून मोजत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन असा तो आवाज आधी शेजारच्या एखाद्या भरल्या शेतावर सुरू व्हावा, आणि संपाचे दुसरे वर्ष म्हणून दाखवलेल्या या पडीक शेतावर ‘लाभ’ म्हणून थांबावा. पुढे मोजायला काही नाही. नंतरची वर्षे फक्त पाऊस आणि गवत. कोणाचा लाभ, हा प्रश्न न विचारताच विचारला जातो, आणि न पेरलेले शेत हे भाषणापेक्षा मोठे नाट्य असू शकते याची खात्री दीड मिनिटात पटते.

यावर पहिला आक्षेप येईल तो व्यवहारी माणसाचा. इतका खटाटोप कशाला? गाजलेल्या चित्रपटांतली दृश्ये जोडून, वर निवेदन घालून रीळ तयार करता येते, आणि ते यशस्वीही होते. खरे आहे. रायन जॉन्सनने ‘लूपर’साठी इतर चित्रपटांचे तुकडे जोडून झलक केली होती, आणि डफर बंधूंनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’साठी जुन्या हॉलिवूडपटांतून तेच केले. पण त्यांच्या समोर बसलेल्याची शंका सुराविषयी होती: ही गोष्ट कोणत्या जातीची वाटेल? त्या जातीचे चित्रपट आधी होऊन गेलेले होते, म्हणून उसने तुकडे चालले. चरीची गोष्ट कोणत्या चित्रपटातून उसनी घ्यायची? दुसऱ्या कुठल्या तरी आंदोलनाची दृश्ये जोडली, तर निर्मात्याला ते दुसरे आंदोलनच दिसेल. शिवाय असे रीळ बंद खोलीत दाखवणे वेगळे आणि सगळ्यांना पाहायला खुले करणे वेगळे. तिथे मूळ मालकाचा हक्क आडवा येतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. रीळ म्हणजे देखाव्याला दिलेले महत्त्व, त्याने चांगला लेखक मागे पडेल आणि चकचकीत दृश्ये जुळवणारा पुढे जाईल, असे अनेक लेखक मनापासून म्हणतात. ही भीती मला निराधार वाटत नाही. उत्तम रीळ आणि पोकळ पटकथा अशी जोडी होऊ शकते. पण हा धोका जाहिरातीसारख्या रीळात अधिक आहे, कारण तिथे संगीत आणि वेगवान संकलन पोकळी झाकतात. एका शंकेचे उत्तर देणाऱ्या रीळाला आधी स्वतःच्या पटकथेचा कच्चा दुवा शोधावा लागतो. अनेकदा तो शोधतानाच कळते की कच्चेपणा चित्रणात नसून तिसऱ्या अंकात आहे. तेव्हा कॅमेरा ठेवून पुन्हा लिहायला बसावे. म्हणूनच रीळ पटकथेनंतर करायचे, पटकथेऐवजी नाही.

कल्पना चोरीला जाईल, ही भीतीही नेहमी ऐकू येते. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या लिखित वा चित्रित रूपाला देतो. पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवावी आणि मग दाखवावी. चरीचा संप कोणाच्या मालकीचा नाही. तो एका विशिष्ट नजरेने पाहिलेला असेल तरच तो तुमचा, आणि ती नजर सिद्ध करायला चित्रित केलेल्या दीड मिनिटासारखा पुरावा नाही.

राहिले पैसे. मराठी चित्रपटाला राज्य शासनाचे अनुदान आहे, पण ते चित्रपट तयार झाल्यावर, परीक्षण होऊन. आरंभीचा पैसा खाजगीच असतो आणि तो कोणाच्या तरी विश्वासावरच येतो. वर सांगितलेल्या रीळाला मोबाइल, तिपाई, वाऱ्याची घरघर अडवणारे आवरण घातलेला एक माइक आणि पाच महिन्यांची चिकाटी लागते. कुलाबा किल्ला किंवा जंजिरा चित्रात हवा असेल, तर पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी आधी काढावी, आणि ड्रोनच्या मोहात पडू नये. आकाशातून प्रत्येक किनारा सारखाच दिसतो, बांधावर उभे राहून मात्र चरी ती चरीच दिसते. बोली आगरीच ठेवावी, खाली प्रमाण मराठीत अक्षरे द्यावीत. ‘हे कळेल का’ ही निर्मात्याची दुसरी शंका आहे, आणि तिचेही उत्तर ऐकवूनच द्यायचे असते.

हा अंक हाती पडेल तेव्हा किनाऱ्यावर भाताची कापणी झाली असेल, झोडणी चालू असेल. पडीक शेताच्या चित्रणाला जून उजाडावा लागेल. पण ‘लाभ’ म्हणून मापाला हात घालणारी म्हातारी माणसे आत्ता खळ्यावर आहेत. त्यांचा आवाज याच महिन्यात, त्यांच्या परवानगीने, ध्वनिमुद्रित करून ठेवा.