घरातील धूर आणि धूळ कमी कशी करावी? उज्ज्वला लाभार्थ्यांसाठी सोपी माहिती

घरात गॅस आला म्हणजे घरातली हवा आपोआप स्वच्छ झाली, असे होत नाही. सकाळचा चहा गॅसवर होतो. भाकरी मात्र चुलीवर होतात आणि आंघोळीचे पाणीही चुलीवरच तापते. त्यातच कोरडा झाडू, अगरबत्ती आणि डासांची कॉइल यांची भर पडते. याचा सर्वाधिक त्रास घरात जास्त वेळ राहणाऱ्यांना होतो. त्यात स्वयंपाक करणारी महिला, तिच्या कडेवरचे बाळ, गरोदर सून आणि खाटेवरचे आजोबा-आजी येतात. हा त्रास कमी कसा करायचा आणि त्यासाठी कोणत्या योजनेचा आधार घेता येतो, हे या लेखात समजून घ्या.

धूर आणि धूळ यांत फरक काय?

झाडताना उडणारी धूळ आपल्याला दिसते. तिचे मोठे कण नाकात अडकतात, शिंक येते आणि ते बाहेर पडतात. धुरातील कण फार सूक्ष्म असतात. त्यांतले बहुतेक कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागापेक्षाही लहान असतात. ते थेट फुप्फुसात उतरतात आणि काही रक्तातही मिसळतात. लाकूड, गोवऱ्या, पाचट आणि कोळसा यांच्या धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनिया, मोठ्यांना दम्यासारखे फुप्फुसाचे जुने विकार, हृदयविकार, पक्षाघात आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा अकाली मृत्यू झाला.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी धूर थांबवा, मग धूळ. साधा नियम असा : छपराखाली गॅसशिवाय दुसरे काहीही जळू द्यायचे नाही.

उज्ज्वला योजनेत काय मिळते?

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. १० ऑगस्ट २०२१ पासून उज्ज्वला २.० सुरू झाली.

• जोडणी गरीब कुटुंबातील १८ वर्षे पूर्ण झालेल्या महिलेच्या नावे मिळते. घरात आधीपासून कोणाच्याही नावे गॅस जोडणी नसावी.
• सिलिंडर व रेग्युलेटरची अनामत रक्कम, सुरक्षा नळी, ग्राहक पुस्तिका आणि जोडणीचा खर्च सरकार भरते. उज्ज्वला २.० मध्ये पहिला भरलेला सिलिंडर आणि शेगडीही मोफत मिळते.
• १४.२ किलोचा एक सिलिंडर किंवा ५ किलोचे लहान सिलिंडर, असा पर्याय असतो.
• ५ ऑक्टोबर २०२३ पासून १४.२ किलोच्या सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी ते वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत मंजूर झाले. ५ किलोच्या सिलिंडरला त्याच प्रमाणात रक्कम मिळते. चालू वर्षाची मर्यादा वितरकाकडे विचारून घ्या.

लागणारी कागदपत्रे : आधार कार्ड, शिधापत्रिका, बँक खात्याचा तपशील आणि ठरावीक नमुन्यातील घोषणापत्र.

कामासाठी गाव सोडून गेलेल्या कुटुंबांसाठी महत्त्वाचे : ऊसतोडीसाठी कर्नाटकात गेला असाल किंवा सुरतेत भाड्याच्या खोलीत राहत असाल आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा किंवा शिधापत्रिका नसेल, तरी अर्ज करता येतो. पत्ता आणि कुटुंबातील सदस्य यांबाबतचे स्वयंघोषणापत्र चालते. वारंवार जागा बदलावी लागत असेल, तर ५ किलोचा सिलिंडर ने-आण करायला सोपा पडतो.

गॅस असूनही चूल का पेटते?

सरकारी आकडेवारीनुसार उज्ज्वला लाभार्थी कुटुंबाने २०१९-२० मध्ये सरासरी ३ सिलिंडर वापरले होते. २०२४-२५ मध्ये ही सरासरी सुमारे साडेचार झाली. वापर वाढला आहे, पण पाच-सहा माणसांच्या घराला वर्षभर एवढा गॅस पुरत नाही. उरलेला स्वयंपाक चुलीवरच होतो. कारण उघड आहे. सिलिंडर घेताना पूर्ण किंमत एकदम मोजावी लागते आणि अनुदान नंतर खात्यात येते. सरपण मात्र रानात फुकट मिळते. अशा वेळी हे करून पाहा :

• दर आठवड्याला थोडी रक्कम सिलिंडरसाठी बाजूला ठेवा. बचत गटात असाल, तर त्यासाठी वेगळी बचत सुरू करता येईल का, ते बैठकीत विचारा.
• एकदम मोठी रक्कम जमत नसेल, तर ५ किलोचा सिलिंडर घेता येईल का, याची वितरकाकडे चौकशी करा.
• डाळ, कडधान्ये आधी भिजवा. कुकर वापरा. भांड्यावर झाकण ठेवा. उकळी आली की आच मंद करा. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली, तर बर्नर साफ करा.
• अनुदान जमा होत नसेल, तर आधार बँक खात्याशी जोडलेले आहे का आणि ई-केवायसी पूर्ण आहे का, हे तपासा. ई-केवायसीसाठी कोणालाही पैसे देऊ नका.

सगळेच काम गॅसवर नेणे आज शक्य नसेल, तर निदान घराच्या आतले काम गॅसवर न्या. आंघोळीचे पाणी तापवायला वेळ लागतो आणि धूरही बराच होतो. ती चूल अंगणात, दारा-खिडकीपासून लांब हलवा. सरपण पूर्ण वाळलेले वापरा. मुलांना आणि गरोदर महिलांना चुलीजवळ बसवू नका. प्लॅस्टिक, रबर किंवा रंगवलेले लाकूड चुलीत कधीही घालू नका.

जिवाचा धोका : बंद खोलीतील शेगडी

थंडीत दार-खिडक्या लावून कोळशाची किंवा लाकडाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. झोपलेल्या माणसाला कळण्याआधीच त्याचा जीव जाऊ शकतो. उबेसाठी जास्तीचे पांघरूण घ्या.

धूळ कमी करण्याचे उपाय

यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही.

• झाडण्याआधी जमिनीवर पाण्याचा हलका शिडकावा करा. फरशी असेल तर ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने धूळ फक्त जागा बदलते.
• झाडताना खिडकी उघडी ठेवा आणि लहान मुलांना बाहेर न्या.
• चपला दाराबाहेर ठेवा. उंबऱ्याशी जुने गोणपाट टाका आणि ते रोज बाहेर झटका.
• मातीची जमीन असेल तर सारवण नियमित करा. उखडलेल्या जमिनीतून सतत धूळ उडते.
• जळमटे काढणे, धान्य पाखडणे, गाद्या झटकणे ही कामे अंगणात किंवा दार उघडे ठेवून, नाका-तोंडाला रुमाल बांधून करा.
• चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.
• पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून पुसून घ्या. धूळ अभ्र्यातच राहते.
• दगडखाणीत, खडी केंद्रावर किंवा बांधकामावर काम करत असाल, तर कामाचे कपडे घराबाहेरच बदला आणि वेगळे धुवा. दगडाची बारीक भुकटी घरच्यांच्या फुप्फुसातही जाते.
• डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरा. घरात विडी-सिगारेट ओढू देऊ नका. अगरबत्ती, धूप लावला तर खिडकी उघडा.
• पालापाचोळा आणि कचरा दारात जाळू नका. उघड्यावर कचरा जाळण्यास कायद्यानेही मनाई आहे.

घरकुल बांधताय?

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अंतर्गत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी वेगळी जागा धरलेली आहे. ओटा कुठे आणि खिडकी कुठे, हे पायाभरणीच्या आधीच गवंड्याला सांगा. समोरासमोर खिडकी आणि दार असेल तर हवा खेळती राहते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो, म्हणून स्वयंपाकाच्या जागी खालच्या बाजूलाही हवेला वाट ठेवा.

दवाखान्यात केव्हा जावे?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर त्याला धुराचा खोकला समजून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बाळाचा श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ते दूध पीत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा. चालताना दम लागत असेल, तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात दाखवा. आशाताईंनाही विचारता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गॅसवर स्वयंपाक करतानाही खिडकी उघडी ठेवावी का?
होय. गॅसच्या ज्योतीतूनही काही वायू निघतात आणि फोडणीचा धूर होतोच.

खिडकी दिवसभर उघडी ठेवावी का?
बाहेर धुके-धूर दाटलेला असेल किंवा रस्त्यावर वाहनांची गर्दी असेल, तेव्हा बंद ठेवा. हवा मोकळी झाली की उघडा. स्वयंपाकाच्या वेळी मात्र ती उघडीच हवी.

घरात झाडाच्या कुंड्या ठेवल्याने हवा शुद्ध होते का?
कुंड्या अवश्य ठेवा, पण चार कुंड्यांनी खोलीतील धूर जात नाही.

चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवर येत नाही, मग काय करावे?
सणावारी अंगणात चूल पेटवा. रोजची भाकरी मात्र गॅसवर करा.

मदत कुठे मिळेल?

• गॅस गळती : रेग्युलेटर बंद करा, दार-खिडक्या उघडा, विजेचे बटण दाबू नका. बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.
• उज्ज्वला योजनेची माहिती : १८००-२६६-६६९६
• गॅस सेवेबाबत तक्रार : १८००-२३३-३५५५

सिलिंडर संपून कोपऱ्यात पडून असेल, तर आजच नोंदणी करा. जोडणी तुमच्या नावाची आहे. सिलिंडर वेळेवर भरून घेतला आणि घरातली चूल विझली, तरच तिचा खरा लाभ तुम्हाला आणि तुमच्या लेकरांना मिळेल.