कंपवाताची गोळी वाढते कशी?

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत कंपवाताचा वयस्क रुग्ण अंथरुणातून उठताना भेलकांडला, तर घरचे उन्हाला दोष देतात आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चक्करची गोळी आणतात. ऊन कारण असतंच. पण उभं राहताना रक्तदाब घसरणं हा कंपवाताचा आणि त्यावरच्या लेव्होडोपाचाही गुण आहे. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की तो जास्त जाणवतो. पुढचा प्रकार याहून घातक. चक्करवर सर्रास घेतली जाणारी प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, पित्ताच्या काही गोळ्यांत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड ही औषधं, कंपवातात मेंदूला आधीच कमी पडणाऱ्या डोपामिनचंच काम अडवतात. रुग्ण आणखी ताठरतो, पावलं अडखळतात, आजार बळावला असं वाटतं आणि लेव्होडोपाचा डोस वाढतो. कंपवातात औषध जास्त होतं ते बहुधा असं. मूठभर गोळ्या एकदम कुणी देत नाही. औषधाच्या त्रासालाच आजार समजून त्यावर पुढची गोळी दिली जाते.

हालचालींबाबतही हीच गफलत होते. कंपवाताचा कंप लयीत असतो आणि हात स्वस्थ असताना दिसतो. डोस जास्त झाल्यावर मान डोलते, खांदे-धड वळवळतं, पाय नाचल्यासारखे हलतात, आणि हे बहुधा गोळीचा अंमल भरात असताना. घरच्यांना दोन्ही ‘हलणं’च वाटतं, म्हणून ते डोस वाढवून मागतात. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४० आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम लेव्होडोपा घेणाऱ्यांपैकी १६.५ टक्क्यांना अशा हालचाली सुरू झाल्या. ३०० मिलिग्रॅमच्या गटात हे प्रमाण २.३ टक्के होतं. अर्थात कंपवाताची लक्षणंही ६००च्याच गटात सर्वांत कमी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. कंपवातावरच्या इतर गोळ्यांचे त्रास तर आजारासारखे दिसतही नाहीत. ट्रायहेक्सिफेनिडिलने म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो, लघवी अडते, तो भलतंच बरळतो. घरचे म्हणतात, वय झालं. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलने काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो, आणि इथे तर गोळीचा संशय कुणालाच येत नाही. माणूस बिघडला असंच ठरतं.

मग लेव्होडोपा शक्य तितकी लांबवावी, असं पुष्कळांना वाटतं. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना करणारा २०१४ सालचा अभ्यास या समजाला छेद देतो. घानात औषध बरंच उशिरा सुरू झालं होतं, तरी त्या नाचल्यासारख्या हालचाली आजाराच्या साधारण त्याच वर्षी दिसू लागल्या. त्यांचा संबंध गोळ्या किती वर्षं घेतल्या याच्याशी नव्हता. आजार किती जुना आणि रोजचा डोस किती, याच्याशी होता. घाबरून गोळी एकाएकी बंद करणं तर जिवावर बेतू शकतं: तीव्र ताप, लाकडासारखं ताठरलेलं अंग, शुद्ध हरपणं. खाजकुइलीचं चूर्ण हाही निरुपद्रवी पर्याय नव्हे. तिच्या बियांत लेव्होडोपाच असते, हे भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखवून दिलं होतं. चूर्ण आणि गोळी दोन्ही घेणाऱ्याच्या पोटात डोसची बेरीज होते, आणि चूर्णाचं माप कुठल्याच चिठ्ठीवर नसतं.

म्हणून सिव्हिलमध्ये जा की खाजगी डॉक्टरांकडे, पित्ताच्या-चक्करच्या गोळ्या आणि चूर्णाच्या डबीसह सगळी औषधं पिशवीत घालून न्यावीत. गोळी किती वाजता घेतली, अंग किती वाजता हललं, हे चार-आठ दिवस लिहून न्यावं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा रक्तदाब मोजून मागावा. ‘गोळी लागू पडत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी ताटही असतं. शेंगदाण्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा प्रथिनं असतात, आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं लेव्होडोपाची वाट अडवतात. भाकरी आणि शेंगा चटणीसोबत घेतलेली गोळी कमी पडली, तर डोस वाढवण्याआधी ती जेवणाच्या अर्धा तास आधी घेऊन पाहता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं.