अमेरिकी कॉलेज : परवाना निराळा, दर्जा निराळा

राज्याची नोंदणी : कॉलेज चालवण्याचा परवाना. नियम राज्यागणिक वेगळे.

अ‍ॅक्रिडिटेशन : दर्जाची तपासणी. ती सरकार नव्हे, खासगी संस्था करतात. या संस्थांना मान्यता देतं ते केंद्रीय शिक्षण खातं किंवा ‘चेआ’ (स्थापना १९९६) ही बिगर-सरकारी परिषद.

क्रेडिट : पूर्ण केलेल्या अभ्यासाचं मोजमाप. चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० लागतात. कॉलेज बदलताना जुनी किती धरायची, हे नवं कॉलेज ठरवतं. त्यासाठी आधीच्या कॉलेजचं अ‍ॅक्रिडिटेशन, अभ्यासक्रमातलं साम्य आणि ग्रेड (बहुधा किमान ‘सी’) पाहतात. नुसत्या परवान्यावर क्रेडिट सहसा मिळत नाहीत.

२०११ : कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली विद्यापीठ व्हिसा-घोटाळ्यात बंद पडलं. अ‍ॅक्रिडिटेशन नव्हतंच. बहुतेक विद्यार्थी भारतीय.